आईच्या जागी ज्वालामुखी

माझ्या मामाला त्याच्या ऑफिसात सगळे 'जन्ममृत्यू' म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर, आणि मामा ओ देतही असे. 'जन्ममृत्यू आले का?' 'जन्ममृत्यू जेवायला गेलेत.' फोन करणाऱ्याला वाटायचं, नगरपालिकेत दाखल्यांच्या खिडकीलाच लागला. मामा एका दैनिकात होता. त्या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर, हवामानाच्या खाली आणि राशिभविष्याच्या शेजारी, 'आजचा दिवस' नावाची एक चौकट यायची. या तारखेला पूर्वी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं आणि आज कसला दिन आहे, एवढंच तिच्यात. ती चौकट मामा भरायचा. त्याचं नोकरीचं सगळं आयुष्य त्या तळहाताएवढ्या जागेत गेलं, आणि ती वाचायचं कोण, तर शाळेतल्या बाया, परीक्षांना बसणारी पोरं आणि स्वतःची रास वाचून झाल्यावरही ज्यांचा चहा उरलेला असतो असे लोक.

मी त्याच्याच घरात वाढले, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलायचा मला हक्क आहे. चांगलं बोलायला इतर आहेत. त्याच्या निरोपसमारंभात सगळे भरभरून बोलले.

मामाकडे बुटांची रिकामी खोकी होती, प्रत्येक महिन्याला एक. त्यांत तारखेप्रमाणे कार्डं लावलेली. एका कार्डावर एक ओळ. कुठल्या तरी राजाचा राज्याभिषेक, कुठल्या तरी यंत्राचा शोध, एखादी नटी जन्मली, एखादा गणिती गेला. रोज तो उद्याच्या तारखेची कार्डं काढायचा, चारपाच निवडायचा, टेबलावर पत्त्यांसारखी मांडायचा आणि पानं लावणाऱ्याकडे द्यायचा. उद्याचं काम आज, हा धंद्याचा नियम. त्यामुळे मामा आयुष्यभर आमच्या एक दिवस पुढे राहिला. मामीचा वाढदिवस त्याला नेमका आदल्या संध्याकाळी आठवायचा, कारण त्याच्या लेखी ती तारीख तेव्हा उजाडलेली असायची. खुद्द त्या दिवशी सकाळी तो विषय त्याच्यापुरता संपलेला. मामी म्हणायची, "माझा वाढदिवस म्हणजे कालची भाजी. गरम करून वाढून घेते झालं."

आता माझी आई. ती मामाची धाकटी बहीण. छत्र्यांच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर शिवणखात्यात होती. काळ्या कापडाच्या पाकळ्या जोडून छत्रीचं वरचं कापड शिवायचं, दिवसभर. खाली मुठींना लावायच्या वार्निशचे डबे असत. एके दिवशी दुपारी तिथे आग लागली. पुढचा जिना लाकडी होता, तो आधी गेला. मागे एक लोखंडी दार होतं आणि त्या दारामागे बाहेरून उतरणारा चांगला पक्का जिना होता. दाराला बाहेरून कुलूप होतं. बायका कापडाचे तुकडे घेऊन, नाहीतर सुट्टीच्या आधी, मागच्या मागे सटकतात म्हणून ते लावलेलं असे. अकरा बायका त्या दाराशी सापडल्या. त्यांतली एक माझी आई. मी तेव्हा नुकती चालायला लागले होते. आईचा चेहरा मला आठवत नाही, आणि आठवतो असं म्हणून मी कुणाला रडवणारही नाही.

चौकशी झाली. विजेची तार आणि वॉचमन, या दोघांवर सगळं शेकलं. तारेला काही करता येत नाही, म्हणून वॉचमनला काढलं. तो गाव सोडून गेला. माझ्या वडिलांनी वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे देते, पण इथे तो विषय नाही.

तारीख मी लिहीत नाही. तारखांचा मला वीट आला आहे.

त्या वेळी मामा त्याच पेपरात मुद्रितं तपासत होता. दुसऱ्या दिवशी आगीची जी बातमी आली ती त्याच्याच हाताखालून गेली. इनमिन सहा ओळी, त्यांतल्या चार अग्निशामक दलाच्या तत्परतेबद्दल. दाराचं नाव नाही. मामाने आपल्या बहिणीच्या मरणातले काने-मात्रे नीट केले आणि कागद पुढे सरकवला. तो एवढंच करू शकत होता, आणि ते त्याला आयुष्यभर लागून राहिलं. महिनाभरात त्याने 'आजचा दिवस' मागून घेतला. ती चौकट कुणालाच नको असायची. निवृत्तीला आलेल्या माणसाला खुर्ची गरम करायला द्यायचं ते काम. ऑफिसात लोकांना वाटलं, बहिणीच्या दुःखाने याचं डोकं फिरलं. पण मामाचा हिशेब सरळ होता. बातमी एका दिवसात रद्दीत जाते. चौकटीत शिरलेलं माणूस मात्र दरवर्षी परत येतं. त्याला आपल्या बहिणीला तिथे बसवायचं होतं, राजे आणि गणिती यांच्या रांगेत. त्यासाठी आणि केवळ त्यासाठी त्याने ते काम धरलं आणि सोडलं नाही.

पहिल्याच वर्षी त्याने कार्ड लिहिलं: 'छत्री कारखान्याच्या आगीत अकरा कामगार स्त्रियांचा मृत्यू. मागचे दार बाहेरून कुलूपबंद होते.' संपादकांनी लाल पेनाने आडवी रेघ मारली. म्हणाले, फार ताजं आहे, अजून इतिहास झालेला नाही. पुढच्या वर्षी म्हणाले, फार स्थानिक आहे. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, लोकांना सकाळी उठल्या उठल्या असलं काही वाचायला नको असतं. मग एकदा म्हणाले, आता फार जुनं झालं. ताजं असताना चालत नव्हतं, जुनं झाल्यावरही चालत नव्हतं, आणि मधे ते केव्हा पिकलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. खरं कारण ऑफिसातल्या चहावाल्यालाही माहीत होतं. पेपरच्या मालकांची मुलगी छत्रीवाल्यांच्या घरात दिली होती. कारखान्याचे धाकटे मालक हे पेपरचे जावई. व्याह्यांचं घर सांभाळायचं म्हणजे मूठ झाकलेलीच ठेवावी लागते.

रेघ मारली की चौकटीत एका ओळीची जागा रिकामी व्हायची. ती भरायचं कामही मामाचंच. मग खोक्यातून दुसरं कार्ड निघायचं. पहिल्या वर्षी आईच्या जागी ज्वालामुखी छापून आला, कुठल्या तरी बेटावरचा. नंतर एकदा सायकल शर्यत जिंकणारा कुणी, एकदा दात घासायच्या ब्रशाचा शोध, एकदा एक नटी, आणि एकदा चक्क एका प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्याचा जन्म. मला माझ्या लहानपणीची वर्षं अशीच आठवतात. मी कितवीत होते ते विचारलं तर मला क्षणभर विचार करावा लागतो. पाणघोड्याचं वर्ष विचारा, ताबडतोब सांगते. चौथीत.

आणि त्या दिवशी सकाळी आजी, म्हणजे मामाची आई, दारात पेपरची वाट बघत बसायची. तिला वाचता येत नव्हतं. पेपर आला की ती तो मामापुढे धरायची.

"आली का माझी पोर?"

"पुढच्या वर्षी, आई," मामा म्हणायचा.

आजी पेपर घडी करून ठेवायची आणि पोळ्यांना लागायची. मला कळायला लागल्यापासून हे मी पाहिलं. रडारड नाही, काही नाही. आमच्या घरी दुःख होतं ते आदल्या संध्याकाळी, कारण मामा ते ऑफिसातून तेव्हाच घेऊन यायचा. आदल्या संध्याकाळी तो जेवायचा नाही, आणि खुद्द त्या दिवशी ऑफिसात बसून दुसऱ्या दिवसाची कार्डं काढायचा. एके वर्षी आजी त्या तारखेच्या पंधरवडाभर आधी गेली. त्या सकाळी दारात कुणी बसलं नव्हतं. मामा तरीही पेपर हातात घेऊन तिथे थोडा वेळ उभा राहिला, मग मामीने त्याला चहा दिला.

मी शाळेत शिक्षिका झाले. आमच्या शाळेत रोज सकाळी मुलं मैदानावर रांगेत उभी राहतात आणि एक बाई 'आजचा दिवस' वाचून दाखवतात, पेपरमधून, जसाच्या तसा. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण 'तुमच्या घरचंच आहे ना'. तर मी माझ्या मामाने भरलेली चौकट दोनचारशे पोरांना रोज वाचून दाखवायला लागले. त्या एका तारखेला मी आईच्या जागी कधी एखादा पूल वाचायचे, कधी एखादा धूमकेतू, स्वच्छ आवाजात, स्वल्पविरामाला थांबत.

मग दोन गोष्टी झाल्या. पेपरचे मालक वारले, आणि संपादक निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक बाई आल्या. ऑफिसात त्यांना 'नव्या बाई' म्हणत. वाईट नव्हत्या. त्यांनी मामाला बोलावून बसायला खुर्ची दिली, जे आधीच्यांनी कधी केलं नव्हतं, आणि विचारलं की चौकटीत आपल्या गावातलं काहीच कसं येत नाही. मामाने खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी वाचलं. विचार करून सांगते म्हणाल्या. आणि त्यांनी विचार केला तो कारखान्याला फोन करून केला, हे नंतर कळलं.

आठवड्याने मामा घरी आला तो वेगळाच चेहरा घेऊन. जेवताना सांगितलं. ओळ छापणार. पण दार नको. चौकशीत ते कुलूप कारखान्याचं म्हणून सिद्ध झालेलं नाही, उगाच वकिलाची नोटीस यायची. आणि कारखान्यानेही सामंजस्य दाखवलं आहे, या दिवशी यंदापासून ते 'सुरक्षा दिन' पाळणार आहेत. तेही त्याच कार्डावर घालायचं. मामाने बाईंच्या समोर बसून नवं कार्ड लिहून दिलं होतं. त्याने ते आम्हाला म्हणून दाखवलं: 'छत्री कारखान्याच्या आगीत अकरा कामगार स्त्रियांचा मृत्यू. त्या स्मृतिनिमित्त कारखान्याचा सुरक्षा दिन.'

मामी म्हणाली, बरं झालं, सुटलात एकदाचे. मी हातातला घास ताटात ठेवला.

"दार नाही तर काय राहिलं, मामा? आग काय, कुठेही लागते."

"दगडापेक्षा वीट मऊ," मामा म्हणाला. "आधी तिला आत तर येऊ दे. एकदा आली की मग दाराचं बघू."

"केव्हा बघू?"

"पुढच्या वर्षी."

मी ताटावरून उठले. मामीने हाक मारली, पण मामाने तिला गप्प केलं. तो जेवत राहिला. आदल्या कितीतरी वर्षांच्या त्या उपाशी संध्याकाळी मी पाहिल्या होत्या, आणि त्या संध्याकाळी त्याने भात दोनदा घेतला. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली, आणि दोन्ही मला एकदम सहन होईनात म्हणून मी भांडी घासायला घेतली.

ओळ छापून आली. मामाने त्या दिवशी पेपरच्या मिळतील तेवढ्या प्रती आणल्या. तो म्हातारा माणूस चौकातल्या विक्रेत्याकडून आपल्याच ऑफिसचा पेपर विकत घेत होता. शाळेत मी ती ओळ वाचली. आवाज फुटेल म्हणून आदल्या दिवशी घरी मोठ्याने वाचून सराव केला होता. फुटला नाही. मुलांनी ऐकलं, नंतरची एका गवयाच्या जन्माची ओळ ऐकली, आणि वर्गांत गेली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दार नव्हतं तरी बरं वाटलं. माणूस उपाशी असला की शिळ्याचंही कौतुक करतो.

संध्याकाळी कारखान्यात सुरक्षा दिनाचा कार्यक्रम होता आणि आम्हाला दोघांना खास बोलावणं होतं. जुना कारखाना पाडून तिथे नवीन इमारत झाली आहे, काचेची. दारात फुगे लावले होते. कामगारांच्या पोरांची चित्रकला स्पर्धा ठेवली होती, विषय 'माझी रंगीत छत्री'. मालक, म्हणजे तेच एकेकाळचे धाकटे मालक, आता केस पांढरे झालेले, माइकवर हेल्मेट, हातमोजे आणि आग विझवायची लाल नळकांडी यांच्याबद्दल बोलले. बायकांबद्दल 'ती दुर्दैवी घटना' एवढंच म्हणाले आणि लगेच पुढे गेले. मग त्यांनी मामाला वर बोलावलं. 'गावाचा इतिहास जपणारा माणूस' म्हणाले आणि मोठा थोरला फुलांचा गुच्छ त्याच्या हातात दिला. मामाने तो घेतला. मालकांनी त्याचा हात हातात धरून ठेवला, फोटोवाल्याचं होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तो फोटो तिसऱ्या पानावर आला, मामाच्या चौकटीच्या चौपट. मामीने तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामा निवृत्त झाला. खोकी कुणाकडे द्यायची हा प्रश्न आला. नवं माणूस ठेवायला ऑफिसची तयारी नव्हती, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या राशिभविष्यवाल्याकडे दिली. गावाचं भविष्य तो बघतच होता, आता भूतकाळही त्याच्याच गळ्यात घातला. मामाने त्याला शेजारी बसवून शिकवलं. खोकी कशी लावायची, कार्ड कसं लिहायचं. आणि जाहिरात वाढली, जागा कमी पडली, तर काय कापायचं. ते महत्त्वाचं, कारण ते दर आठवड्याला होतंच. मामाचा क्रम ठरलेला होता. आधी घटना कापायची. मग मृत्यू. जन्म शक्यतो ठेवायचा, लोकांना जन्म आवडतात. आणि दिन कधीही कापायचा नाही. दिनांवर शाळा चालतात, कचेऱ्या चालतात, दिन चुकला की फोन येतात. भविष्यवाल्याने हे सगळं भक्तिभावाने लिहून घेतलं. माणूस सरळ होता, आणि मामाबद्दल त्याला आदर होता.

दुसऱ्या वर्षीची ती सकाळ आली. मामा आता रिकामा होता, एक दिवस पुढे राहायची गरज उरली नव्हती, तर बऱ्याच वर्षांनी त्याला आजचा पेपर आजच वाचायचा होता. उठून दारात जाऊन बसला. आजी बसायची त्या जागी. पेपर आला, त्याने दुसरं पान उघडलं. मी आत डबा भरत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून बाहेर आले.

चौकट निम्मी झाली होती. खाली गाद्यांच्या सेलची जाहिरात होती. चौकटीत एका खेळाडूचा जन्म होता आणि एक दिन होता: 'छत्री कारखान्याचा सुरक्षा दिन.' बाकी काही नाही. आग नाही, बायका नाहीत.

मामाने भविष्यवाल्याला घरी फोन लावला. तो बिचारा झोपेतून उठला असावा. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, माणूस आदराने मोठ्याने बोलत होता. म्हणाला, जागा फारच कमी पडली हो ऐनवेळी. पण मी तुमच्याच कार्डावरून केलं. कार्डावर घटना होती आणि दिन होता. तुमचाच नियम, घटना कापायची, दिन कापायचा नाही.

"बरोबर केलंत," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याला काही बोलले नाही. बोलायचं ते गेल्या वर्षी ताटावरून उठून बोलून झालं होतं. पण दया आली असंही नाही. त्याने स्वतःच्या हाताने ते दोन्ही एका कार्डावर लिहिलं होतं. आयुष्यभर ओळी कापणाऱ्या माणसाला त्यातली कुठली कापली जाईल हे कळायला नको? तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हातात राहिलं ते कारखान्याचं धुपाटणं.

मी शाळेत गेले. मुलं रांगेत उभी होती. पेपर उघडला, खेळाडूचा जन्म वाचला, आणि मग वाचलं, आज छत्री कारखान्याचा सुरक्षा दिन. एरवी पोरं काही विचारत नाहीत. त्या दिवशी पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिची आत्या छत्रीच्या कारखान्यात आहे. तिने विचारलं, बाई, आजच का असतो तो?

मी पेपर खाली केला आणि सांगितलं. तिथे आग लागली होती. मागे दार होतं, त्याला बाहेरून कुलूप होतं, त्यामुळे आतल्या बायकांना बाहेर पडता आलं नाही. त्या सगळ्या मेल्या. त्यांतली एक माझी आई होती. एवढंच सांगितलं, एका दमात, स्वल्पविरामालाही न थांबता.

"बाई," त्याच मुलीने विचारलं, "कुलूप कुणी लावलं होतं?"

मी तोंड उघडलं आणि मला पुढे सांगता येईना. वॉचमनने, असं सांगायला हवं होतं, कारण तेवढंच मला ठाऊक होतं. पण जिभेवर ते येईना. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. तोवर मुख्याध्यापिकांनी शिपायाला खूण केली होती. घंटा वाजली आणि मुलं वर्गांत गेली.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं. बोलल्या शांतपणे. माझ्या आईचं त्यांना माहीत नव्हतं, वाईट वाटलं म्हणाल्या, आणि ते मनापासून असावं. पण मैदानावर आपण पेपरातलं वाचतो. ज्याला आधार आहे ते वाचतो. कारखाना दरवर्षी गरजू मुलांना छत्र्या देतो, उद्या त्यांच्याकडून कुणी आलं तर मी त्यांना काय सांगू?

"ते कुलपाचं," त्यांनी विचारलं, "कुठे छापून आलंय का?"

नाही, मी म्हणाले. कधीच नाही.

मग उद्यापासून दुसऱ्या बाई वाचतील, असं ठरलं. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट सुटले.

संध्याकाळी घरी आले तर मामा सकाळच्याच जागी बसला होता. मामी म्हणाली, जेवला नाही. मी त्याच्यासमोर बसले आणि शाळेत झालेलं सगळं सांगितलं, मुलीचा पहिला प्रश्न, माझं उत्तर, मुख्याध्यापिका. तो ऐकत होता. दाराचंही सांगून टाकलं असं मी म्हणाले तेव्हा त्याने मान वर केली. मग मी त्याला तो दुसरा प्रश्न सांगितला. कुलूप कुणी लावलं होतं.

"इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही," मामा म्हणाला.

"मी विचारते."

त्याने मांडीवरचा पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"धाकट्या मालकांनी. दुपारची जेवणं झाली की स्वतः येऊन लावायचे. किल्ली त्यांच्या खिशात असायची, वॉचमनकडे कधी दिलीच नाही. तुझी आई घरी येऊन सांगायची."

आत मामीने गॅस बंद केला. मला गेल्या वर्षीचे फुगे दिसले, तो थोरला गुच्छ दिसला, आणि मामाचा हात हातात धरून फोटोवाल्याकडे बघणारा माणूस दिसला.

"त्यांच्या हातून गुच्छ घेतलास तू, मामा. तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं," मामा म्हणाला. "छापून आलं नव्हतं, एवढंच."